उजवीकडचं मॅटिंग

आमच्या कोचाबांबा शहरात मिनीव्हॅन येतात त्या जपानमध्ये वापरून जुन्या झालेल्या. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, इथे ते काढून डावीकडे बसवतात. माझ्या गाडीचं हे काम कासिमिरो मिस्त्रीने केलं. उजवीकडे आता माझी बायको बेनिता बसते. सातवा महिना लागलाय तिला.

ती शेजारी असली की उतारावर ब्रेक आपोआप लागायचा. हळूच, जराही धक्का न देता.

मिस्त्रीने चारही चाकं खोलून पाहिली. "काही दोष नाही. बाप होणार म्हणून तुझाच पाय जड झालाय, लेका!"

"माझा पाय ब्रेकवर नसतोच हो, मिस्त्री."

त्याचं हसू मावळलं. उजवीकडचं मॅटिंग, जपानी ड्रायव्हरचा पाय असायचा तिथे, कुणाच्या तरी टाचेने झिजलं होतं. तेवढं त्याने नवं बसवून दिलं.

काल दुपारी सासूच्या हातचं शेंगदाण्याचं सूप भरपेट पिऊन आम्ही डोंगर उतरत होतो. बेनिता पाय सीटवर घेऊन झोपली होती. माझाही डोळा कधी लागला, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा गाडी भर उतारावर, दरीच्या अगदी अलीकडे उभी होती. माझे दोन्ही पाय मागे, सीटखाली. बेनिता तशीच झोपलेली.

तिच्यापुढचं नवं मॅटिंग एका जागी दबलं होतं. टाचेएवढं.

"उपकार झाले, बाबा," मी पुटपुटलो. "झालोय मी जागा."

दबलेले धागे एकेक करून वर आले, आणि ब्रेक सुटला.