घरचे संपादक

माझ्या पहिल्या कादंबरीला पुरस्कार मिळाला. पण तो मिळालाच नाही असं समजून पुढे वाचा.

आजी कवयित्री, बाबा कथाकार. मी लिहितो, चित्रं काढतो, व्हायोलिनलाही छळतो. घरचा नियम एकच: लिहिलेलं आधी घरात दाखवायचं आणि वाचणाऱ्याने संपादकासारखं उत्तर द्यायचं. सातव्या वर्षी मांजरावर केलेली माझी कविता आजीने 'साभार परत' केली होती.

गेल्या वर्षी बाबांनी आयुष्यातली पहिली कादंबरी माझ्या हातात दिली. "सावकाश वाचा, संपादकसाहेब."

मी महिनाभर तिच्यावर लॅपटॉप ठेवून माझी कादंबरी लिहिली. उंची अगदी बरोबर यायची. मग न वाचताच, गंमत म्हणून, पहिल्या पानावर 'साभार परत' लिहून दिली.

"शेवट फसलाय ना?" बाबा हसले. "मलाही वाटलंच होतं."

वाचली नाही हे कळू नये म्हणून मी मान डोलावली.

बाबा वारल्यावर त्यांच्या कपाटात तेवढं पहिलं पान सापडलं. बाकीची कादंबरी त्यांनी तेव्हाच रद्दीत घातली, असं आई म्हणाली.

काल, म्हणजे पुरस्कार मिळाला नाही त्या दिवशी, मी त्याच पानावर खाली लिहिलं: "सदर कादंबरी पुनर्विचारासाठी पुन्हा पाठवावी, ही नम्र विनंती."