काठावरचे ठिपके

तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातली जुनी विहीर दामिनीनं लेझरनं स्कॅन केली. व्हीआर चष्मा लावून गावकऱ्यांना विहिरीत उतरता यावं आणि पाणी किती खोल गेलं ते दिसावं, एवढ्यासाठीच तिचा खटाटोप होता. स्कॅनमध्ये सगळी विहीर बारीक ठिपक्यांनी उभी राहिली होती, आणि काठावर ठिपक्यांचे दोन छोटे उंचवटे आले होते. खरा काठ मात्र मोकळा होता, तिनं स्वतः पाहिला होता. मशीनची चूक समजून तिनं ते पुसून टाकले.

शाळेच्या खोलीत म्हाताऱ्या दुर्गाबाईंनी चष्मा लावला, आणि त्या खाली वाकून हवेत चाचपडू लागल्या.

"आजी, काय शोधून राहिल्या?" दामिनीनं विचारलं.

"माह्या पोरीच्या चपला. तिनं उडी घेतली त्या दिवशी इथंच काठावर काढून ठेवल्या होत्या."

दामिनीनं पुसलेले ठिपके परत आणले. दुर्गाबाई बराच वेळ तशाच वाकून पाहत राहिल्या.


"तवा चपलाइचे तोंडं इहिरीकडे होते," त्या हळूच म्हणाल्या. "आता घराकडे हायेत."