खडूचे वर्तुळ

दादा आणि मी समारंभांचे तंबू उभारत असू. उभारणी झाली की दादा छतावर पाइपाने पाणी सोडी आणि जिथे गळेल, तिथे खाली खडूने वर्तुळ काढी. त्या जागी खुर्ची मांडायची नाही, हा आमचा नियम. त्याचे वर्तुळ मात्र जन्मात कधी गोल आले नाही.

"माझ्या पोरीच्या लग्नात तिच्यावर थेंबही पडू देऊ नकोस," एवढेच तो जग सोडून जाताना म्हणाला होता.

वर्षभराने तिचे लग्न लागत असतानाच आभाळ फाटले. छताची एकच शिवण गळली आणि धार पडली ती नेमकी मंचाच्या फळ्यांवरच्या वर्तुळात. ती खूण पाहूनच कामगारांनी नवरीची खुर्ची हातभर अलीकडे मांडली होती.

"काका, वाचवलंत बाई!" पुतणी हसत म्हणाली. "पण तुमचंही वर्तुळ बाबांसारखं बटाटाच झालं की!"

मला हसू आले नाही.



सकाळी पंप बिघडल्यामुळे पाणी सोडताच आले नव्हते, आणि नवा खडू अजून माझ्या खिशात अख्खा होता.