राक्षसाचं नाक

पडद्यावर राक्षस गाऊ लागला आणि पुढच्या रांगेतल्या एका पोरानं भोकाड पसरलं. तेव्हापासून श्रीनिवासची चुळबुळ काही थांबेना.

"अहो, नीट बसा. खुर्चीत ढेकूण आहेत का?" त्याची बायको हेमा पुटपुटली.

त्याला बसवतच नव्हतं. ज्या संगीत बालनाट्यावरून हा सिनेमा काढला होता, त्यात राक्षस तोच व्हायचा. प्रयोग संपला की मुखवटा काढून तो रंगमंचाच्या पायरीवर बसायचा. भेदरलेली पोरं येऊन त्याचं नाक ओढायची आणि हसत घरी जायची. सिनेमात ती सोयच नव्हती. राक्षस मेला, नावं सरकली, दिवे लागले, तरी ते पोर आईच्या खांद्यावर हुंदके देतच होतं.

श्रीनिवासनं मायलेकरांना दारातच गाठलं. "बाळा, तो राक्षस मीच. ओढ बघू नाक!"

राक्षसाचं ते गडगडाटी हसू त्यानं हळूच हसून दाखवलं. पोरानं बिचकत नाक ओढलं आणि ते खुदकन हसलं.

जिना उतरताना हेमा म्हणाली, "अहो, पण सिनेमात तुम्हाला घेतलं कुठं होतं?"

"नव्हतंच," श्रीनिवास म्हणाला. "पण मुखवटा कुणीतरी काढायला नको?"