शुद्धिपत्रात न आलेली चूक

डेटाबेसच्या भाषेवरचं सरांचं पुस्तक हातोहात खपत होतं. वाचकांनी कळवलेल्या बारीकसारीक चुका ते शुद्धिपत्रात आवर्जून छापत. एक मात्र त्यांनी तीन महिने दाबून ठेवली होती. नोंद पुसायच्या कमांडमध्ये अटीची ओळच गळली होती, त्यामुळे एका नोंदीऐवजी सगळ्याच पुसल्या जायच्या. इतकी ढोबळ चूक कबूल करायची म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं!

आज त्यांची मुलगी भरदुपारीच ऑफिसातून परत आली. खांद्यावरची बॅगही न काढता ती दारातच मटकन बसली.

"बाबा, माझ्या हातून दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटची माहिती पुसली गेली. पहिलीच नोकरी, तीही गेली. तुमचं पुस्तक शेजारी उघडं ठेवून, शब्द न् शब्द बघून टाइप केलं होतं हो."

तिने डोळे पुसत विचारलं, "माझ्याकडूनच एखादी ओळ राहिली असेल ना?"

सरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.



"राहिली असणार, बाळा. लहानपणापासून तुझं लक्ष म्हणून नसतंच कशात."