मंडईतली हडळ

"डॉक्टरीण म्हणते, लघवी कोंडू नका. पण जायचं कुठं, अक्का?" पोटुशी रेश्मा मेथीच्या जुड्यांवर वाकून कण्हत होती.

मंडईतला बायकांचा संडास तीन वर्षं कुलपात होता. आत कुणा भाजीवालीनं फास लावून घेतला आणि तिची हडळ गरोदर बाईचा गर्भ खाते, हे शहरभर शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं.

शेजारची गोदाक्का उठली आणि मंडईच्या मुकादमाकडं किल्ली मागायला गेली.

"दोन जिवांची बाई हडळीच्या तोंडी देता व्हय?" मुकादम पान चघळत हसला. "तुमच्याच भल्यासाठी कुलूप घातलंय मी."

"मेली ती कोण रं? नाव काय तिचं?"

मुकादम पिंक टाकायला वळला. गोदाक्काचा जन्म या मंडईत गेला होता. इथली मेलेली प्रत्येक बाई तिनं न्हाऊ घालून तिरडीवर ठेवली होती, आणि फास कुणीच लावला नव्हता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं आपल्या तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि संडासाचं कुलूप फोडलं.

आत छतापर्यंत लसणाची पोती रचलेली होती. पोत्यांवर मुकादमाच्या मेव्हण्याच्या दुकानाचा शिक्का होता.

मागं जमलेल्या बायका आत डोकावल्या. या लसणापायी त्यांनी दिवसभर घोटभर पाणी प्यायचं सोडलं होतं.

गोदाक्कानं एक पोतं ओढून मागं धावत आलेल्या मुकादमाच्या पायावर टाकलं.

"उचल," ती म्हणाली. "आणि बादलीभर पाणी तूच आण. पोरगी ताटकळलीय."