चौथ्या ओळीतलं रिव्हॉल्व्हर

"मागे घे जरा," चंद्रशेखर म्हणाला.

उपासनाने रिमोटचं बटण दाबलं. टीव्हीवरचा गँगस्टर उलटा चालत धोबीखान्याच्या जिन्यावर गेला आणि त्याच्या हातातलं रिव्हॉल्व्हर कोटाच्या खिशात परत गेलं. सिनेमा ब्रिटिश होता, जुना, काळा-पांढरा. तिने तो पुन्हा पुढे जाऊ दिला आणि थांबवला. पडद्यावर नुसती वाफ होती.

"बाबा, काहीच दिसत नाहीये."

"अजून थोडं. एकेक फ्रेम."

बाहेर चँडलर या वाळवंटी शहरातलं जूनमधलं ऊन होतं, म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. चंद्रशेखरच्या मांडीवर त्याच्या बायकोची, मालिनीची वही होती आणि वहीत ई-मेलचा छापलेला कागद.

ई-मेल डेरेक नावाच्या माणसाची होती. तो इंग्लंडात राहायचा. सिनेमातल्या बंदुका ओळखून त्यांच्या याद्या करणारी एक वेबसाइट होती, तिथे तो लिहायचा. मालिनीही तिथेच लिहायची. या सिनेमाची यादी तिची होती. पाच हत्यारं, पाच ओळी, प्रत्येक ओळीखाली तिचं नाव. डेरेकचं म्हणणं होतं की चौथी ओळ चुकली आहे. मालिनीने लिहिलंय वेबली, आणि रिव्हॉल्व्हर आहे एनफिल्ड. ओळ तुमची आहे म्हणून आधी तुम्हाला विचारतो, तुम्ही मान्य केलंत तरच बदलेन, असं त्याने लिहिलं होतं. बदललेल्या ओळीखाली बदलणाऱ्याचं नाव लागतं, असा तिथला नियम होता.

मालिनी एप्रिलमध्ये गेली, हे डेरेकला माहीत नव्हतं.

"आपण त्याला सरळ सांगू या ना, आई गेली म्हणून," उपासना म्हणाली. "माणूस डिसेंट वाटतो. मग तो आईच्या ओळीला टचसुद्धा करणार नाही."

चंद्रशेखर सकाळपासून हाच विचार करत होता. "नाही करणार," तो म्हणाला. "पण त्यामुळे बंदूक बदलणार आहे का?"

"दोन्ही सेम तर दिसतात, बाबा. कोणाला फरक पडतो?"

"तुझ्या आईला पडायचा. तिचे बाबा आयुध कारखान्यात तपासनीस होते. आपण वरणात मीठ कमी आहे म्हणतो, तसं त्यांच्या घरी जेवताना बंदुकांवर बोलायचे."

"आणि आजी?"

"आजी म्हणायची, आधी ताट संपवा."

उपासना हसली आणि तिने पुन्हा बटण दाबलं.

वहीत मालिनीने दोन्ही रिव्हॉल्व्हरची पेन्सिलने चित्रं काढली होती. सख्ख्या बहिणींसारखी दिसत होती ती. फरक होता घोड्यात, गोळीवर आपटणाऱ्या मागच्या तुकड्यात. वेबलीच्या घोड्याला अंगठ्याने ओढायला शेपटीसारखं टोक होतं. एनफिल्डचं टोक कापलेलं होतं.

वाफ बाजूला झाली. आधी बाही दिसली, मग मूठ.

"थांब."

चंद्रशेखर उठून टीव्हीजवळ गेला. चष्मा कपाळावर ढकलून त्याने नाक काचेला लागेल इतकं जवळून पाहिलं. मग वहीतलं चित्र पडद्याशेजारी धरलं.

"टोक नाही," तो म्हणाला. "सपाट आहे."

"आर यू शुअर?"

"तू बघ."

उपासनाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हं," ती म्हणाली. "म्हणजे आईचं चुकलं."

"तिचं नाही चुकलं."

चंद्रशेखर पुन्हा खुर्चीत बसला. वही त्याने बंद केली.

"फेब्रुवारीत तिने हा सिनेमा बेडरूममधल्या छोट्या टीव्हीवर बघितला. हात थरथरायचे तिचे, म्हणून रिमोट माझ्याकडे असायचा. याच प्रसंगाला म्हणाली, मागे घ्या जरा, घोडा नीट दिसला नाही. तिची औषधाची वेळ टळत होती. मी म्हटलं, वेबलीच आहे, मी बघितलं."

"मग?"

"मी काही बघितलं नव्हतं. तिने माझ्या शब्दावर लिहिलं."

टीव्हीवर तो हात तसाच थांबलेला होता. उपासना उठली, डायनिंग टेबलावरचा लॅपटॉप तिने उघडला आणि डेरेकने पाठवलेलं पान काढलं. त्यावर मान्य आणि अमान्य असे दोन पर्याय होते आणि खाली कारण लिहायला एक चौकोन.

"आईचं नाव जाईल हं या ओळीखालचं," ती म्हणाली.

"जाऊ दे."

तिने 'मान्य'समोर खूण केली. "कारण काय देऊ? न्यू एव्हिडन्स लिहू?"

"सरक. मी लिहितो."

चंद्रशेखरने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. त्याला दोन बोटांनीच टाइप करता येत होतं. एकेक अक्षर शोधत त्याने इंग्रजीत लिहिलं: माझ्या बायकोने मागे घ्यायला सांगितलं होतं. मी घेतलं नाही.